तीन विद्यापीठे, तीन आय-९ : नोकरीच्या पहिल्या आठवड्यातील कागदपत्र-तपासणीचे परीक्षण

२०१४ ते २०२३ या काळात मी अमेरिकेतील तीन सार्वजनिक विद्यापीठांत नोकरीला लागले आणि तिन्ही ठिकाणी पहिल्याच आठवड्यात एकाच फॉर्मसाठी कागदपत्रे घेऊन उभी राहिले. हा फॉर्म म्हणजे आय-९. नव्या कर्मचाऱ्याची ओळख पटवणे आणि त्याला या देशात काम करण्याची परवानगी आहे की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम. विद्यापीठाचे मनुष्यबळ कार्यालय ते काम कसे करते, हे कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहून येथे नोंदवले आहे. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मुले या तपासणीविषयी बहुधा ऐकीव माहितीवर चालतात, आणि ती माहिती निम्मी चुकीची व निम्मी घाबरवणारी असते, असा माझा अनुभव आहे. तिन्ही विद्यापीठांची नावे मी मुद्दाम देत नाही.

प्रथम ही तपासणी कोणाची, ते सांगायला हवे. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ज्या स्थलांतर सुधारणा कायद्यावर सही केली, त्याने नोकरी देणाऱ्यावर हे बंधन घातले, आणि ते केवळ परदेशी माणसांपुरते नाही. उद्या विद्यापीठाला नवे अध्यक्ष मिळाले आणि त्यांच्या सात पिढ्या ओहायोत गेलेल्या असल्या, तरी त्यांनाही हा फॉर्म भरावाच लागतो. पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो; दुसरा भाग मालकाने मूळ कागदपत्रे पाहून त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा असतो, म्हणजे सोमवारी रुजू झालेल्या माणसाचे काम गुरुवारपर्यंत व्हायला हवे. कर्मचाऱ्याला यासाठी एक पैही द्यावी लागत नाही.

कागदपत्रांच्या तीन याद्या असतात. ‘अ’ यादीतील एकच दस्तऐवज ओळख आणि कामाची परवानगी या दोन्ही गोष्टी सिद्ध करतो : अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी कार्ड (सरकारने दिलेले काम-परवान्याचे कार्ड), किंवा विशिष्ट मालकाकडे काम करण्यास पात्र असलेल्या परदेशी व्यक्तीचा पासपोर्ट आणि त्यासोबतचा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची व मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद). ज्याच्याकडे यांतले काही नाही, त्याने ‘ब’ यादीतील ओळखीचा एक पुरावा, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स, आणि ‘क’ यादीतील परवानगीचा एक पुरावा, उदाहरणार्थ कोणताही निर्बंध न छापलेले सोशल सिक्युरिटी कार्ड, अशी जोडी द्यायची. या सगळ्यात कळीचा नियम असा की, यादीतून काय निवडायचे ते कर्मचारी ठरवतो. ‘तुमचे ग्रीन कार्डच दाखवा’ असे म्हणण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. नागरिकत्व पाहून तसा आग्रह धरणे हा भेदभाव ठरतो, आणि न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात अशा तक्रारींसाठी स्वतंत्र शाखा आहे. कार्यालय चकचकीत आहे की तळघरात आहे याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. हा एक नियम ते किती पाळते, यावर मी त्याला गुण देते.

पहिल्या विद्यापीठाचे कार्यालय खरोखरच तळघरात होते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात, अध्यापन-साहाय्यकांची रांग जिन्यापर्यंत आली होती. माझ्या हातात प्लास्टिकची जाड फाईल होती आणि तिच्यात दहावीच्या गुणपत्रिकेपासून महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यापर्यंत प्रत्येक कागदाच्या नोटरी केलेल्या तीन-तीन प्रती होत्या. आपल्याकडे विद्यापीठात साधा अर्ज करायचा तरी ‘साक्षांकित प्रत जोडावी’ हे वाक्य ठरलेले असते, त्यामुळे सही-शिक्क्याची प्रत म्हणजे मूळ कागदाची धाकटी बहीण अशी माझी समजूत होती. काउंटरवरच्या बाईंनी ती फाईल न उघडताच बाजूला ठेवली आणि पासपोर्ट, आय-९४ ची छापील प्रत व आय-२० (विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्याला दिलेले प्रवेशपत्र) एवढेच मागून घेतले. या तपासणीत छायाप्रत चालत नाही, मग तिच्यावर कितीही शिक्के असोत. प्रमाणित प्रत चालते ती फक्त जन्मदाखल्याची, आणि तोही अमेरिकेतील प्राधिकरणाने दिलेला असावा लागतो. आमच्या महानगरपालिकेचा कागद निमूटपणे फाईलमध्ये परत गेला.

त्या बाईंचे कौशल्य दोन ठिकाणी दिसले. माझ्या आय-९४ वर मुदतीची तारीख नव्हती, नुसती ‘डी/एस’ ही दोन अक्षरे होती. विद्यार्थ्याचा दर्जा टिकेल तोवर मुक्काम, असा त्यांचा अर्थ. फॉर्म मात्र तारीख मागत होता. ती आय-२० वरील अभ्यासक्रमाच्या अखेरीतून घ्यायची, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. दुसरी गोष्ट माझ्या जन्मतारखेची. भारतीय पासपोर्टवर आधी दिवस आणि मग महिना असतो, येथे आधी महिना. मी सवयीने उलटे लिहिले होते. दिवसाचा आकडा बाराच्या आत असला की ही चूक डोळ्यांना दिसतही नाही. त्यांनी पासपोर्टशी ताडून ती पकडली, चुकीवर एक रेघ मारायला लावली, शेजारी बरोबर तारीख, अल्पस्वाक्षरी आणि त्या दिवसाची तारीख घालायला सांगितली. खाडाखोडीवर सही घेण्याची ही पद्धत पाहून मला आमच्या तलाठी कार्यालयाची आठवण झाली आणि परक्या देशात आल्यापासून प्रथमच जरा घरच्यासारखे वाटले. सोशल सिक्युरिटी क्रमांक तेव्हा मला मिळालेलाच नव्हता. ते विद्यापीठ ई-व्हेरिफाय ही सरकारी संगणकीय पडताळणी वापरत नव्हते, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवूनही काम अडले नाही.

दुसऱ्या विद्यापीठाची गोष्ट लांबलचक आहे, कारण तेथे ई-व्हेरिफाय होते आणि मध्यंतरी माझे लग्न झाले होते.

ई-व्हेरिफाय ही आय-९ नंतरची पायरी. फॉर्मवरचे नाव, जन्मतारीख व क्रमांक मालक संगणकावरून सरकारकडे पाठवतो आणि सोशल सिक्युरिटी प्रशासन व गृहसुरक्षा खाते यांच्या नोंदींशी तो मजकूर ताडला जातो. १९९७ मध्ये पाच राज्यांत प्रायोगिक स्वरूपात ही योजना सुरू झाली आणि २००७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. सार्वजनिक विद्यापीठात ती असेल की नाही, हे राज्यावर आणि विद्यापीठाच्या करारांवर अवलंबून असते. नॉर्थ कॅरोलायनात राज्य विद्यापीठांना २००७ पासून ती बंधनकारक आहे. ॲरिझोनात २००८ पासून सर्वच मालकांना आहे. आणि सप्टेंबर २००९ पासून संघराज्य सरकारच्या कंत्राटदारांना ती लागू झाली, तेव्हा उच्चशिक्षण संस्थांना एवढी सवलत मिळाली की, हवे तर त्यांनी केवळ त्या कंत्राटावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांचीच पडताळणी करावी. याचा आपल्या मुलांशी थेट संबंध असा की, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी ओपीटीची (शिक्षणाला जोडून विद्यार्थी-दर्जावरच काम करण्याच्या परवानगीची) २४ महिन्यांची वाढ ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेल्या मालकाकडेच घेता येते. विद्यापीठ कितीही नामवंत असले, तरी ती नोंद आहे का, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी विचारावे, आणि असल्यास कोणत्या नावाने व कोणत्या क्रमांकाने आहे तेही लिहून घ्यावे, कारण मुदतवाढीच्या अर्जात दोन्ही भरावे लागतात.

मी ७ जानेवारी २०१९ रोजी, सोमवारी, संशोधक म्हणून रुजू झाले. केंद्र सरकारचे कामकाज निधीअभावी अंशतः बंद होते आणि ई-व्हेरिफाय २२ डिसेंबरपासून ठप्प होते. आय-९ ला मात्र सुटी नव्हती. विद्यापीठाने हे काम एका बाहेरच्या कंपनीच्या पोर्टलवर सोपवले होते, आणि या परीक्षणातील सर्वांत कमी गुण मी त्या पोर्टलला देते. त्यावर नावाचे तीन रकाने होते : आडनाव, पहिले नाव, मधल्या नावाचे आद्याक्षर. आता मराठी बाईचे नाव या रकान्यांत कसे बसवायचे? लग्नापूर्वी माझ्या पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत माहेरचे आडनाव होते आणि दिलेल्या नावाच्या ओळीत माझे नाव व त्याला लागून वडिलांचे नाव. लग्नानंतर वकिलातीतून नवा पासपोर्ट घेतला, त्यात आडनाव बदललेच, शिवाय वडिलांचे नाव जाऊन त्या जागी नवऱ्याचे नाव आले. फॉर्म ‘पूर्वी वापरलेली इतर आडनावे’ विचारतो, ते मी लिहिले. मधले नावही बदलते, अशी शक्यता तो फॉर्म तयार करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावी. पोर्टलने तर माझ्या नवऱ्याचे नाव माझ्या पहिल्या नावाचा भाग मानले, आणि पहिले दोन आठवडे सहकाऱ्यांना माझ्या ईमेल पत्त्यात माझ्याबरोबर तोही दिसत राहिला.

खरी चूक माझी होती. पासपोर्ट बदलला, ईएडी कार्डही नव्या नावाने आले, पण सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे माहेरचेच नाव राहिले. ई-व्हेरिफाय २७ जानेवारीला पुन्हा सुरू झाले, साठलेली प्रकरणे हळूहळू पुढे सरकली आणि फेब्रुवारीच्या मध्यास माझा निकाल ‘नोंदी जुळत नाहीत’ असा आला. याला तात्पुरती अपुष्टी म्हणतात, आणि त्यातील ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालकाने ती सूचना कर्मचाऱ्याला खासगीत द्यायची असते. कर्मचाऱ्याने दाद मागायचे ठरवले, की प्रकरण पुढे पाठवले जाते आणि संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायला त्याला संघराज्य सरकारचे आठ कामकाजाचे दिवस मिळतात. हे दिवस सरकारी सुट्ट्या वगळून मोजतात, त्यामुळे फेब्रुवारीतल्या वॉशिंग्टन जयंतीच्या सोमवारी मला एक दिवसाचा श्वास मिळाला. प्रकरणाचा निर्णय लागेपर्यंत कर्मचाऱ्याला कामावरून काढणे, रजेवर पाठवणे, पगार रोखणे किंवा प्रशिक्षण लांबवणे यांतले काहीही मालकाला करता येत नाही.

माझ्या विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी नेमके तेच केले. ‘प्रश्न सुटेपर्यंत प्रयोगशाळेत येऊ नये’ असा दोन ओळींचा ईमेल मला आला. त्यात दुष्टावा नव्हता, धास्ती होती. परंतु नोकरीच्या सहाव्या आठवड्यात, परदेशात, ज्या माणसाचे राहणेच नोकरीशी बांधलेले आहे, त्याला धास्ती आणि दुष्टावा यांतला फरक जाणवत नाही. सुदैवाने मला मिळालेल्या सूचनापत्रावरच कर्मचाऱ्याचे हक्क छापलेले होते. ते मी केंद्रीय मनुष्यबळ कार्यालयात नेले. तेथील गृहस्थांनी ते वाचले, माझ्यासमोरच विभागाला फोन लावला आणि शांतपणे सांगितले की, या बाई आज दुपारी कामावर आहेत. क्षमायाचनेचा ईमेल संध्याकाळी आला. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नवा पासपोर्ट, ईएडी कार्ड आणि महाराष्ट्रातील विवाह नोंदणीचा दाखला घेऊन मी दुसऱ्याच दिवशी गेले. दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही होता, त्यामुळे भाषांतराची भानगड उद्भवली नाही. नोंद दुरुस्त झाली आणि पुढच्या आठवड्यात ई-व्हेरिफायवर ‘कामास अधिकृत’ असा निकाल लागला.

हा सगळा खटाटोप टाळता आला असता, हे मला मागाहून कळले. सरकारनेच २०११ पासून ‘सेल्फ चेक’ नावाची विनामूल्य सोय ठेवली आहे. नोकरी लागण्यापूर्वी माणूस स्वतःच्या नोंदी स्वतः ताडून पाहू शकतो. त्या विद्यापीठाच्या स्वागत-पुस्तिकेत वाहनतळाच्या पासची माहिती तीन पानांत होती आणि या सोयीचा एका ओळीतही उल्लेख नव्हता. लग्नानंतर नाव बदललेल्या, किंवा पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी असलेल्या प्रत्येकाने ती वापरावी. आडनावाची ओळ रिकामी असलेल्यांचे एकच नाव व्हिसावर आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे छापले जाते. या तीन अक्षरांना आपले नाव समजून हाक मारणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत.

तिसरे विद्यापीठ हे माझे सध्याचे. २०२३ च्या शरद ऋतूत मी एच-१बी वर, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवलेल्या कामाच्या व्हिसावर, एका विद्यापीठातून दुसऱ्यात आले. नव्या मालकाचा अर्ज सरकारकडे दाखल झाला, की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येते. तेव्हा पासपोर्ट, आय-९४ आणि अर्ज मिळाल्याची पावती हा पुरावा धरतात आणि फॉर्मच्या अतिरिक्त माहितीच्या चौकटीत ‘एसी-२१’ (ही मुभा देणाऱ्या कायद्याचे लघुरूप) व अर्जाची तारीख लिहितात. ही चौकट माहीत असलेला कर्मचारी भेटणे म्हणजे निम्मे काम झाल्यासारखे असते. मला तो भेटला, आणि तोही पडद्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेल्या व नियम पाळणाऱ्या मालकांना प्रत्यक्ष भेटीऐवजी थेट चित्रसंवादातून कागदपत्रे तपासण्याची मुभा मिळाली आहे. कर्मचाऱ्याने कागदाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आधी पाठवायच्या आणि मग तोच कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. माझी तपासणी चौदा मिनिटांत संपली, त्यातली चार मिनिटे पासपोर्टवरील प्लास्टिकची चकाकी कॅमेऱ्यातून घालवण्यात गेली. पहिल्या वेळच्या जिन्यापर्यंतच्या रांगेपेक्षा ही पद्धत निःसंशय चांगली आहे. एकच गोष्ट खटकते : या मार्गाने गेल्यास मालकाला प्रती जपून ठेवाव्याच लागतात. फॉर्म नेमणुकीपासून तीन वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यांपैकी जी तारीख नंतर येईल तोवर ठेवायचा असतो, आणि तेवढा काळ माझ्या पासपोर्टची दोन्ही पाने कोणत्या यंत्रणेत कोणाच्या नजरेखाली असतील, याचे उत्तर मला पोर्टलच्या मदत-पानावर सापडले नाही.

फॉर्मही मध्ये बदलत गेला. २०२३ च्या आवृत्तीत तो आटोपशीर झाला, पहिले दोन भाग एका पानात बसले आणि आमच्यासारख्यांच्या चौकटीपुढे ‘काम करण्यास अधिकृत अ-नागरिक’ अशा अर्थाचे शब्द आले. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीत ‘एलियन’ हा जुना शब्द परत आला. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ केवळ परदेशी नागरिक एवढाच आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या चौकटीत खूण करताना हात क्षणभर थांबतो, हेही खरे.

सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत या तपासणीचा पायाच वादात आलेला आहे. विद्यापीठ हे राज्याचे अंग आहे, आणि कामाची परवानगी नसलेल्यांना नोकरी देण्यावरची १९८६ च्या कायद्यातील बंदी राज्यांना उद्देशून स्पष्टपणे लिहिलेली नाही, असा युक्तिवाद यूसीएलएतील (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील) कायद्याच्या अभ्यासकांनी मांडला, आणि कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांनाही विद्यापीठात नोकरी मिळावी अशी मागणी त्यावर उभी राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने जानेवारी २०२४ मध्ये तो विचार वर्षभरासाठी स्थगित केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यासंबंधीचे विधेयक नाकारले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला यातले काही सोडवायचे नसते, पण त्याच्यासमोरचा फॉर्म दिसतो तितका निर्विवाद नाही, एवढे ध्यानात असलेले बरे.

गुण द्यायचेच झाले, तर पहिल्या विद्यापीठाच्या तळघराला मी पाचपैकी साडेचार देईन, तिसऱ्याच्या पडद्यावरील तपासणीला चार. दुसऱ्याच्या केंद्रीय कार्यालयाला चार, त्याच विद्यापीठातील माझ्या विभागाला दीड, आणि पोर्टलला एक, तोही ते बंद पडले नाही म्हणून.

माझ्या सध्याच्या परवानगीची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. त्या तारखेपर्यंत कार्यालयाने फॉर्मच्या ‘ब’ पुरवणीवर माझी फेरतपासणी करायची आहे. फेरतपासणीसाठी ई-व्हेरिफाय वापरत नाहीत, त्यामुळे नोंदी जुळण्याचा प्रश्न या वेळी येणार नाही. मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झालेला असला, तर त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. सध्याच्या विद्यापीठानेही एक पोर्टल विकत घेतलेले आहे आणि त्याला हा नियम माहीत नसावा, कारण माझ्या नावापुढे त्याने आताच लाल अक्षरांत ‘परवानगी संपुष्टात येत आहे’ असे लिहून ठेवले आहे. मी तो पडदा छापून मनुष्यबळ कार्यालयातील त्याच गृहस्थांना पाठवला, ज्यांना ‘एसी-२१’ ची चौकट माहीत होती. त्यांचे उत्तर दहा मिनिटांत आले : ‘त्याच्याकडे लक्ष देऊ नका, पावती आली की मला पाठवा.’